शब्दकोश घेण्याआधी ‘पिक अप’ उघडून पाहा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इंग्रजी शब्दकोश मागितला की दुकानदार चार-पाच जाडजूड कोश समोर ठेवतो. प्रत्येकाच्या वेष्टनावर शब्दसंख्येचा मोठा आकडा छापलेला असतो. त्या आकड्यावरून कोश निवडू नका. ‘पी’ अक्षर काढा, ‘पिक’ ही नोंद शोधा आणि तिच्याखाली ‘पिक अप’ला किती जागा दिली आहे आणि त्या जागेत काय सांगितलं आहे, ते उभ्याउभ्या वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. इथे जो कोश हात आखडता घेतो, तो ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’ यांच्या बाबतीतही घेतोच.

खाली लाँगमन, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि कोबिल्ड हे शिकणाऱ्यांसाठीचे चार कोश, केंब्रिजचं सरावाचं एक पुस्तक आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतल्या याद्या यांचं परीक्षण आहे. डोळ्यांसमोर वाचक धरला आहे तो मराठी माध्यमातून शिकलेला: इंग्रजी वाचून समजतं, पण बोलताना आणि ऑफिसचा मेल लिहिताना अडखळायला होतं असा.

क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’ असा छोटा शब्द जोडून जे वेगळ्या अर्थाचं क्रियापद बनतं, ते फ्रेजल व्हर्ब. त्यांतलं ‘पिक अप’च का, तर रोजच्या इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या फ्रेजल व्हर्बमध्ये ते अगदी वर आहे आणि त्याला अर्थही भरपूर आहेत. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या साठ्यातली सर्वाधिक वापराची १०० फ्रेजल व्हर्ब घेतली, तेव्हा त्यांचे मिळून ५५९ अर्थ भरले. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण पुढचा आकडा धीर देणारा आहे. गार्निए आणि श्मिट यांनी २०१५ मध्ये १५० फ्रेजल व्हर्बची जी यादी केली, तिच्यात प्रत्यक्ष वापराचा मोठा भाग सांभाळणारे अर्थ फक्त २८८ निघाले. म्हणजे सरासरी एका क्रियापदाचे दोनही नाहीत. सगळे अर्थ पाठ करायचे नसतात. नेमके कोणते आधी घ्यायचे हे कळायला हवं, आणि चांगला कोश तेच सांगतो.

मराठी माणसाला ‘पिक अप’ निम्मं आधीपासूनच येतं. आपलं ‘उचलणे’ त्याच वाटेने बरंच पुढे गेलेलं आहे. बॅग उचलली. फोन उचलला. पोलिसांनी दोघांना उचललं. राहण्याचा खर्च कंपनीने उचलला. पोरीने चाल पटकन उचलली. दिवाळीच्या तोंडावर धंद्याने उचल खाल्ली. या सहाही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ बिनदिक्कत चालतं. इतकं जुळणारं क्रियापद फार थोड्या फ्रेजल व्हर्बच्या वाट्याला येतं, म्हणून शिकायला सुरुवात इथूनच करावी.

अडचण येते ती जिथे दोघांच्या वाटा फुटतात तिथे. मुलीला शाळेतून आपण उचलत नाही, आणायला जातो. खोकला आपण उचलत नाही, तो लागतो किंवा होतो. रेडिओ स्टेशन पकडतो, उचलत नाही. वारा वाढतो, वेग वाढतो, काल अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू होतं, खचलेल्या माणसाला हुशारी वाटते: या सगळ्याला इंग्रजीत ‘पिक अप’ आहे आणि मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद. उलट बाजूनेही तितकंच जपावं लागतं. कर्ज आपण उचलतो, इंग्रजीत ते ‘टेक आउट’ करतात. पाऊल उचलणं आणि फायदा उचलणं दोन्हीकडे ‘टेक’ लागतं. वर्गात हात वर करायचा तर ‘रेझ’, आणि कुणावर हात उचलला तर सरळ ‘हिट’. मालकाकडून घेतलेली उचल म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स’. एखादी मागणी उचलून धरली तर ‘सपोर्ट’ किंवा ‘बॅक’. मराठी वाचकाला कोशाची खरी गरज या फुटलेल्या वाटांवर असते. ‘उचलणे’ एवढा अर्थ सांगण्यासाठी कोश विकत घ्यायची गरजच नाही.

आता परीक्षेच्या गाइडांकडे वळू, कारण पुण्यात सर्वांत जास्त खप त्यांचा आहे. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, टेबलावर एक तरी सापडेल. त्यांत फ्रेजल व्हर्बची यादी असते: डावीकडे ‘पिक अप’, मध्ये ‘टू लिफ्ट’, उजवीकडे ‘उचलणे’. कधी दुसरा अर्थ दिला तर ‘टू इम्प्रूव्ह’. बहुपर्यायी प्रश्नापुरती ही यादी कामाला येते, हे मान्य. पण तिच्यातून वाक्य तयार होत नाही, कारण चार गोष्टी तिच्यात नसतात: या अर्थात क्रियापदाला कर्म लागतं की नाही, लागत असेल तर ते कुठे बसतं, कर्ता कोण असू शकतो, आणि हा अर्थ कुठे शोभतो. कोश तपासताना नेमक्या याच चार गोष्टी तपासायच्या. एकेक पाहू.

कर्म. ‘सेल्स आर पिकिंग अप’ म्हणजे विक्री वाढते आहे. इथे कर्म नाही, त्यामुळे कर्मणी प्रयोगही नाही. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र ‘सेल्स हॅव बीन पिक्ड अप’ असं सर्रास दिसतं. इंग्रजी वाचणारा त्यावर थबकतो, कारण ‘पिक्ड अप’ कर्मणीत आलं की कुणीतरी काहीतरी उचललं किंवा कुणाला तरी नेलं असं वाटतं. ‘द ऑर्डर्स हॅव बीन पिक्ड अप’ म्हणजे माल उचलला गेला, आणि ‘ऑर्डर्स हॅव पिक्ड अप’ म्हणजे मागणी वाढली. एका ‘बीन’ने अर्थ उलटापालटा होतो. हा फरक जो कोश दाखवत नाही, तो नोकरी करणाऱ्याच्या कामाचा नाही.

कर्माची जागा. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं: ‘पिक अप द बॅग’ म्हणा की ‘पिक द बॅग अप’. सर्वनाम मात्र मधेच बसतं. ‘पिक इट अप’, ‘पिक हर अप’, ‘पिक देम अप’. ‘पिक अप इट’ हे चूकच. कर्म लांबलचक असेल, समजा काल आलेलं बाणेरच्या पत्त्यावरचं पार्सल, तर ते शेवटी ठेवायचं, नाहीतर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा मूळ क्रियापद विसरतो. बोलताना ‘पिक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर पडतो, ‘इट’ तर जवळजवळ गिळलेलंच असतं.

याच जागी पुण्यातली सर्वांत पसरलेली चूक सांगायला हवी. आपण मराठीत बोलतो, “मी तुला स्वारगेटला पिक करतो,” “फोन पिक कर ना.” त्यातला ‘अप’ मराठीने टाकून दिला आहे आणि मराठी वाक्यात त्यावाचून काही अडत नाही. तेच वाक्य इंग्रजीत गेलं की ‘आय विल पिक यू अ‍ॅट स्वारगेट’ होतं, आणि त्याचा अर्थ होतो मी तुला स्वारगेटला निवडेन. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ हेही तसंच. ‘पिक’ एकटं असलं की निवडणं किंवा खुडणं: द्राक्षं, फुलं, संघातला खेळाडू. ‘अप’ जोडलं की ते दुसरंच क्रियापद. म्हणून ‘आय विल पिक यू अप’, आणि फोनसाठी ‘ही इज नॉट पिकिंग अप’ एवढंच. कॉल शब्दाचीही गरज नाही. ‘लिफ्ट द फोन’ भारतात समजतं, बाहेर समोरचा माणूस यंत्र हातात उचलून धरेल. भारतातला ‘पिक अँड ड्रॉप’ हा शब्दप्रयोगही बाहेर ‘पिक-अप अँड ड्रॉप-ऑफ’ असा पूर्ण म्हणतात.

कर्ता. वारा, विक्री, अर्थव्यवस्था, सामन्याची गती हे सगळे कर्म न घेता ‘पिक अप’ करतात. आजारी माणूसही करतो, म्हणजे त्याला उतार पडतो. पगार मात्र ‘पिक अप’ करत नाही, किमतीही सहसा करत नाहीत. त्यांना ‘गो अप’ किंवा ‘राइझ’. वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘पिक अप’ लागत नाही. ते लागतं मंदावलेल्या किंवा थांबलेल्या गोष्टीने पुन्हा जोर धरला की. ‘उचल खाणे’मध्येही हीच छटा आहे, त्यामुळे ‘याला मराठीत उचल खाल्ली म्हणता येईल का?’ हा प्रश्न मनात विचारला तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

आणि शोभणं. याबाबतीत याद्या वाचकाला उघड्यावर सोडतात. ‘पिक अप’ शिकण्याविषयी वापरलं तर ते न शिकवता, कानावर पडून, जाता-येता शिकणं असतं. बिहारहून पुण्यात आलेला सुतार साइटवर मराठी ‘पिक अप’ करतो. वर्गात बसून, पुस्तक घेऊन शिकला तर ते ‘लर्न’. विकत घेण्याविषयी वापरलं तर ते सहज किंवा स्वस्तात मिळालेलं: जुन्या बाजारातलं घड्याळ ‘पिक अप’ करता येतं, कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटला हा शब्द हलका पडतो. आजाराविषयी वापरलं तर तो कुठून तरी लागलेला असतो, सर्दी, पोटाचा संसर्ग. मधुमेहाला तो चालत नाही. सवय आणि बोलण्याचा ढंगही ‘पिक अप’ होतात. पोलिसांच्या संदर्भात तो बातमीचा आणि बोलण्याचा शब्द आहे. अनुवादकांनी इथे विशेष जपावं: ‘पिक्ड अप फॉर क्वेश्चनिंग’ म्हणजे चौकशीसाठी नेलं, ताब्यात घेतलं, त्याला परस्पर ‘अटक’ लिहिलं तर कायद्याच्या दृष्टीने चुकीची माहिती छापली जाते. अनोळखी व्यक्तीशी लगट करून सोबत नेणं हाही या क्रियापदाचा जुना, रुळलेला अर्थ आहे. त्यामुळे ‘आय पिक्ड अप अ गर्ल अ‍ॅट द स्टेशन’ असं चारचौघांत म्हणू नये. ‘आय पिक्ड माय कझिन अप फ्रॉम द स्टेशन’ म्हटलं की प्रश्न मिटतो, कारण नातं आणि ठिकाण दोन्ही स्पष्ट होतात.

या कसोट्या हातात घेऊन कोश उघडले की त्यांचे स्वभाव लगेच दिसतात.

लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश हा आमच्या मते मराठी वाचकाचा पहिला कोश. १९७८ मध्ये निघाला तेव्हापासून त्याने एक शिस्त पाळली आहे: अर्थ सांगायला सुमारे २००० सोपे शब्दच वापरायचे. अर्थ वाचताना त्यातल्या एखाद्या शब्दासाठी पुन्हा कोश उघडावा लागत नाही. ‘पिक अप’ची नोंद लांब आहे, अर्थ क्रमांकाने एकाखाली एक येतात, पण प्रत्येक क्रमांकाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत एक-दोन शब्दांची पाटी आहे: उचलणं, शिकणं, आजार, वारा, पोलीस अशा धर्तीची. या पाट्या १९९५ च्या आवृत्तीपासून आल्या. वाक्यात वाऱ्याविषयी बोललं आहे एवढं कळलं तरी नजर पाट्यांवरून फिरवून नेमक्या अर्थावर उतरता येतं. संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती सोसाव्या लागतात, आणि तिथे उदाहरणवाक्यंही आवाजात ऐकता येतात. जोर ‘अप’वर कसा पडतो हे कागदावरून कधीच नीट कळत नाही, इथे कानाने कळतं. त्रुटी एकच आणि ती खरी आहे: कर्म असलेले आणि नसलेले अर्थ एकाच रांगेत येतात, त्यामुळे घाईत वाचणारा क्रमांकाखालची रचना न पाहता अर्थ उचलतो आणि ‘सेल्स हॅव बीन पिक्ड अप’च्याच खड्ड्यात जातो.

ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीने नेमकी ही बाजू सांभाळली आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना हा कोश आकाराला आला, १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डचा झाला. परक्या भाषेतल्या विद्यार्थ्याचं वाक्य कुठे मोडतं ते हॉर्नबींना ठाऊक होतं आणि त्याची खूण कोशावर अजून आहे. फ्रेजल व्हर्ब मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी वेगळ्या भागात येतात आणि ‘पिक अप’चे अर्थ रचनेप्रमाणे गटांत पाडलेले असतात: कर्म नसलेले वेगळे, माणूस कर्म असलेले वेगळे, वस्तू कर्म असलेले वेगळे. कर्म दोन्हीकडे बसू शकत असेल तर दोन टोकांचा छोटा आडवा बाण छापलेला असतो. बाण नसेल तर छापला आहे तोच क्रम पाळायचा. हा बाण समजून न घेता ऑक्सफर्ड वापरणं म्हणजे निम्मा कोश बंद ठेवणं. ज्याला लिहायचं आहे, त्याने ऑक्सफर्ड घ्यावा. नुसतं वाचायचं असेल तर लाँगमन जास्त वेगवान, कारण वाचताना अर्थ अडलेला असतो, रचना समोरच असते.

केंब्रिजचा कोश बहुतेक लोक संकेतस्थळावर वापरतात आणि तेच बरोबर आहे. त्याची दोन वैशिष्ट्यं इतरांपेक्षा उजवी आहेत. अर्थांच्या बाजूला ए वन या अगदी सुरुवातीच्या पातळीपासून सी टू या सर्वांत वरच्या पातळीपर्यंतच्या पायऱ्या दिलेल्या असतात, फ्रेजल व्हर्बच्या अर्थांनाही. कोणता अर्थ आधी पक्का करायचा आणि कोणता दोन वर्षांनी आला तरी चालेल, हे त्यावरून ठरवता येतं. शिक्षकांनी तर धड्याचा क्रम यावरूनच लावावा. दुसरं, तिथे इंग्रजी–मराठी कोशही आहे. अर्थ मराठीत पाहिला की घट्ट बसतो, म्हणून तो जरूर पाहा, पण तिथे थांबू नका. मराठी बाजू इंग्रजीइतकी खोल नाही, आणि रचना, जोर, शोभणं हे सगळं इंग्रजी नोंदीतच आहे.

कोबिल्डची चाल निराळी. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर गोळा करून १९८७ मध्ये हा कोश निघाला. त्यात अर्थ तुकड्यांत सांगत नाहीत, पूर्ण वाक्यात सांगतात: अमुक कुणी तमुक गोष्ट ‘पिक अप’ केली, तर त्याचा अर्थ असा होतो. वाक्यातच कर्ता येतो, कर्म येतं, कर्मणी प्रयोग नेहमीचा असेल तर तोही येतो. पोलिसांचा अर्थ, व्यापाराचा अर्थ, कौशल्याचा अर्थ असे एकेक उघडून पाहा. वर सांगितलेल्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं स्पष्टीकरण वाचतानाच मिळून जातात. वर्गात फळ्यावर लिहायला याहून सोपं काही नाही. मात्र नोंदी ऐसपैस होतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चटकन अर्थ हवा असणारा कंटाळतो. याच घराण्यातला फ्रेजल व्हर्बचा स्वतंत्र कोश १९८९ मध्ये निघाला. त्याच्या शेवटी ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ अशा छोट्या शब्दांची सूची आहे आणि प्रत्येक छोटा शब्द किती प्रकारचे अर्थ जोडतो ते गटागटाने दाखवलं आहे. ‘अप’चा एक गट संपवून टाकण्याचा: ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्रिंक अप’. मराठीतलं ‘खाऊन टाक’, ‘संपवून टाक’ यातलं ‘टाक’ जे काम करतं तेच इथे ‘अप’ करतं. ही सूची पाच-सहा बैठकांत वाचून काढली, तर यादी पाठ करण्याचं ओझं पुष्कळ उतरतं. जुनी प्रत मिळाली तर सोडू नका.

ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचेही फ्रेजल व्हर्बचे स्वतंत्र कोश आहेत. शिक्षक, अनुवादक आणि उपशीर्षकं लिहिणारे यांना ते उपयोगी. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालू नयेत; मोठ्या कोशात हवं ते सगळं आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत मॅकमिलनच्या ऑनलाइन कोशाचा पत्ता दिलेला आढळतो, तो शोधत बसू नका. ते संकेतस्थळ २०२३ मध्ये बंद झालं.

सरावासाठी मायकल मॅकार्थी आणि फेलिसिटी ओडेल यांचं केंब्रिजचं ‘इंग्लिश फ्रेजल व्हर्ब्स इन यूज’ घ्यावं. पहिलं पुस्तक मधल्या पातळीचं, ७० धड्यांचं, २००४ मध्ये आलेलं. वरच्या पातळीचं २००७ मधलं, ६० धड्यांचं. दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या २०१७ मध्ये निघाल्या. डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर स्वाध्याय, शेवटी उत्तरं: एका बैठकीत एक धडा होतो आणि शिक्षकाची गरज लागत नाही. थेट वरच्या पातळीचं घेण्याचा मोह टाळा. मधल्या पुस्तकात ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ अशा छोट्या शब्दांवरचे धडे आहेत, त्यांवाचून पुढचं पुस्तक पाठांतर होऊन बसतं. या पुस्तकाची उणीव त्याच्या मांडणीतच आहे. धडे विषयवार असल्यामुळे ‘पिक अप’सारख्या अनेक अर्थांच्या क्रियापदाचे तुकडे निरनिराळ्या धड्यांत विखुरतात आणि त्याचं पूर्ण चित्र एका जागी दिसत नाही. उपाय साधा आहे: मागच्या सूचीतून त्याचे सगळे धडे शोधा, वहीत एका पानावर आणा आणि मग कोशातली नोंद शेजारी ठेवून रिकाम्या जागा भरा.

वहीचं पान कसं करावं यावर थोडं, कारण बहुतेकांची मेहनत इथे वाया जाते. ‘पिक अप = उचलणे’ असं लिहू नका. प्रत्येक अर्थाला एक पूर्ण इंग्रजी वाक्य लिहा, ते तुमच्या रोजच्या ठिकाणांचं असू द्या, आणि त्याखाली सर्वनाम घालून तेच वाक्य पुन्हा लिहा. ‘आय पिक्ड अप द मेडिसिन्स फ्रॉम द केमिस्ट’ आणि खाली ‘आय पिक्ड देम अप’. कर्म नसलेल्या अर्थात सर्वनामाचं वाक्य बनतच नाही, आणि ते बनत नाही हेच लक्षात राहतं. मग कोशातले चुलते-पुतणे एका बाजूला नोंदवा, कारण गोंधळ त्यांच्यातच होतो: ‘पिक आउट’ म्हणजे गर्दीतून निवडणं किंवा ओळखणं, ‘पिक ऑन’ म्हणजे एकाच्याच मागे लागणं, ‘पिक अप ऑन’ म्हणजे सूक्ष्म गोष्ट टिपणं किंवा कुणाचा मुद्दा धरून पुढे बोलणं. मीटिंगमध्ये ‘आय वॉन्ट टू पिक अप ऑन व्हॉट ही सेड’ हे नम्र वाक्य आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘पिक समबडी अप ऑन समथिंग’ म्हणजे त्याची चूक दाखवून देणं, ते मात्र इतकं नम्र नाही.

नामांचं पान वेगळं ठेवा. नाम झालं की ‘पिकअप’ जोडून किंवा मधे रेघ देऊन लिहितात आणि जोर ‘पिक’वर येतो; क्रियापद नेहमी तोडून, दोन शब्दांत. मेलमध्ये ‘आय विल पिकअप द डॉक्युमेंट्स’ असं जोडून लिहिणं ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही अनेकदा पकडता येत नाही. मागे उघडा हौदा असलेली गाडी ही पिकअप. गिटारच्या तारांखालचं, कंपनांचं विजेत रूपांतर करणारं चुंबक आणि वेटोळं हाही पिकअप. आणि पुण्याचा सर्वांत लाडका म्हणजे गाडीचा पिकअप. एअर फिल्टर तुंबला किंवा गिअर नसलेल्या स्कूटरचा बेल्ट आणि रोलर झिजले की “पिकअप मिळत नाही” अशी तक्रार गॅरेजमध्ये जाते. वेग पकडण्याचा हा अर्थ मराठीने बनवलेला नाही, अमेरिकन कोशांत तो सापडतो. पण परदेशी माणसाशी बोलताना ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणणं सुरक्षित. मरगळ घालवणाऱ्या पेयाला ‘पिक-मी-अप’ म्हणतात, आणि कॅफेच्या मेन्यूवरच्या तिरामिसू या इटालियन नावाचा शब्दशः अर्थही तोच.

मोबाइलवरच्या भाषांतर-यंत्राला नुसतं ‘पिक अप’ विचारू नका, पूर्ण वाक्य द्या. सुट्या शब्दांना ते एखादाच अर्थ लावतं, वाक्यातून पुष्कळदा बरोबर छटा काढतं. तरी कर्म कुठे बसवायचं हे ते समजावत नाही, त्यासाठी कोशच.

आता खरेदीचं. खिशात मावणाऱ्या आणि ‘मिनी’ आवृत्त्या घेऊ नका. जागा वाचवायला सर्वांत आधी फ्रेजल व्हर्बच कापलेली असतात. पदपथावरची प्रत स्वस्त असली तर तो बाण आणि ठळक पाट्या स्पष्ट छापल्या आहेत का ते उजेडात धरून पाहा, कारण चोरून छापलेल्या प्रतीत बारीक खुणाच आधी फिकट होतात आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. सरावाचं पुस्तक घेताना शेवटची पानं उलटून उत्तरं आहेत याची खात्री करा. उत्तरांविना निघालेल्या आवृत्त्या वर्गासाठी असतात, घरी बसून शिकणाऱ्याच्या कामाच्या नाहीत. जुन्या प्रतीतल्या सीडीला किंवा आधीच खरवडलेल्या ऑनलाइन कोडला किंमत लावू देऊ नका, आणि आवृत्ती दहा-पंधरा वर्षं जुनी आहे म्हणून प्रत नाकारूही नका. नवी आवृत्ती भर घालते ती नव्या शब्दांची. ‘पिक अप’ची रचना आणि मुख्य अर्थ जुन्या प्रतीतही हेच मिळतील, निम्म्या किमतीत.